पान एक्केचाळीस

मंगळवारी धंतोलीत रिक्षा वळवायला जागा मिळत नसे. वणीची, तुमसरची, आर्वीची माणसं सकाळच्या बसनं उतरत आणि एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात आपलं दुखणाईत माणूस धरून गल्ल्यागल्ल्यांतून डॉक्टर हुडकत फिरत. चौकातल्या लिंबाखाली सायकलरिक्षांचा अड्डा होता, आणि त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर तिथं एक नवाच प्रकार दिसू लागला. मेडिकल स्टोअरमधून मागून आणलेल्या स्टुलावर एक मुलगी बसायची. मांडीवर जाड वही, कानावर पेन्सिल. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ती येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं लिहून घ्यायची.

तिचं नाव देवकी. गोळीबार चौकातल्या कोष्ट्यांच्या वस्तीतली, बी.ए. झालेली, आणि स्वतःच्या कामाबद्दल जरा जास्तच गंभीर. इतकी गंभीर, की त्या मंगळवारी एका उंच, सावळ्या तरुणानं समोर उभं राहून घसा खाकरला तेव्हा तिनं आधी पेन्सिल काढली आणि मग मान वर केली.

"बाई," तो म्हणाला, "मायचा हात थरथरते. चहाची बशी धरवत नाही तिले. ह्याचा डॉक्टर कोण?"

देवकीनं अक्षर न् अक्षर लिहून घेतलं आणि विचारलं, "पुढं?"

"पुढं काय? तुमी सांगा."

"मी सांगत नाही. मी फक्त लिहून घेते."

"अन् उत्तर कुठं भेटते?"

"पुस्तकात. पाडव्याले निघंल."

त्यानं शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीकडे वळून तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "माय, पाडव्यापर्यंत हात घट्ट धरून ठेव."

रिक्षावाला धोंडबा फिदीफिदी हसला. देवकीचे कान तापले. तिला रागच यायला हवा होता, पण त्याच्या डोळ्यांत टवाळी नव्हती, दमणूक होती, आणि आईचा हात त्यानं असा धरला होता की बघणाऱ्याला वाटावं, थरथर त्याच्याच हाताला आहे. देवकीनं वही मिटली. "चला," म्हणाली, "हुडकू."

आता त्या वहीचं सांगितलं पाहिजे. महालात वामनरावांचा छापखाना होता आणि तिथून दरवर्षी शहराची एक मार्गदर्शिका निघायची. विटेएवढी जाड. तीत डॉक्टर असत ते आडनावानं, आणि आडनावापुढं पदव्यांची आगगाडी. दिवाणखान्यात टेबलावर शोभायला उत्तम. पण ज्याला तिची गरज तो उभा रस्त्यावर, आणि त्याला डॉक्टरचं आडनाव माहीत असतं तर तो बिचारा हुडकत कशाला फिरला असता? हे वामनरावांच्या डोक्यात आलं ते वयाच्या साठाव्या वर्षी, पण आलं तेव्हा पक्कं आलं. आता पुस्तक करायचं ते सदऱ्याच्या खिशात मावेल एवढं, चालत्या रिक्षात, हलत्या बसमध्ये वाचता येईल असं, आणि त्यात दुखणं सापडलं पाहिजे दुखणाऱ्याच्याच शब्दांत. कुणी खरंच विचारलं असेल त्याचंच उत्तर त्यात द्यायचं. ते शब्द गोळा करायला त्यांनी देवकीला लिंबाखाली बसवलं. दोन नियम घालून दिले. माणूस बोलेल तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. आणि नाव कोणाचंही विचारायचं नाही, कारण नाव विचारलं की माणूस दुखणं लपवते.

त्या दिवशी ते तिघं चार दवाखाने फिरले. दारावरच्या पाट्यांवर नावं होती, अक्षरं होती, विलायत होती, फक्त आत काय बरं होतं तेवढं नव्हतं. चौथ्या दारात नसांचे डॉक्टर सापडले. बाकावर नंबर लावून बसल्यावर तो म्हणाला की तो खापरखेड्याला वीजकेंद्रात आहे, यंत्रांचे काटे वाचत फिरायचं काम. गाव मूळचं उमरेड. मग तिच्या पदराकडे बघून जरा थांबून म्हणाला, "हा करवती काठ घरचा दिसते."

"बाबांनी विणलेला आहे. शेवटचा. मंग माग विकला."

"आमच्याइथंही माझ्या बापासंगच माग गेला." एवढंच बोलला. पण देवकीला वाटलं, ह्याला आपण फार दिवसांपासून ओळखतो. आणि नाव विचारावंसं वाटत असूनही तिनं विचारलं नाही. नियम म्हणजे नियम. म्हातारीच्याच तोंडून तिला 'मधुसूदन' एवढं कळलं, आणि म्हातारीचं मैनाबाई.

डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी, मंगळवारीच, यायला सांगितलं.

खरं सांगायचं तर इथंच सगळं झालं. पुढचे तीन महिने झालं ते नुसतं वाढत गेलं. खापरखेड्याची बस साडेदहाला पोचायची, आणि देवकीची पेन्सिल दर दुसऱ्या मंगळवारी सव्वादहापासूनच बोथट होऊ लागायची. ती टोक काढत बसे. धोंडबा बघे आणि म्हणे, पोरी, त्या पेन्सिलीची आता सुई झाली.

मैनाबाई आत गेल्या की मधुसूदन लिंबाखाली येऊन बसायचा. पुस्तकाचा कच्चा नमुना देवकीनं त्याला दाखवला, तेव्हा त्यानं तो उजव्या हातात घेतला, डाव्यात घेतला, आणि परत दिला. म्हणाला, चांगलं आहे, पण दोन हातांचं आहे. देवकीला कळेना. त्यानं सांगितलं, वीजकेंद्रात फेरी मारताना त्याच्या एका हातात कठडा असतो, म्हणून जरुरीचा काटा डोळ्यांसमोर असतो, लाल खुणेचा, चालता चालता दिसेल असा. आणि इथं येणाऱ्याच्याही एका हातात कोणीतरी असतंच.

"ज्याची माय आजारी त्याले एकच हात मोकळा राहते," तो म्हणाला. "तुमचं पुस्तक अंगठ्यानं उघडलं पाहिजे."

तीन वर्षं कॉलेजात शिकून जे कुणी सांगितलं नव्हतं ते हा माणूस बिडीच्या थोटकांनी भरलेल्या अड्ड्यावर बसून सांगत होता. दुसऱ्या दिवशी तिनं छापखान्यात बाइंडिंग करणाऱ्या कौसल्याबाईंना पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या कापायला लावल्या. अंगठा ठेवला की 'कान', खाली सरकवला की 'छाती', त्याच्या खाली 'पोट'.

मग त्याची परीक्षा. मधुसूदन आणि मैनाबाई धोंडबाच्या रिक्षात, देवकी लेडीज सायकलवर शेजारून. खड्डे असलेलाच रस्ता धर, असं धोंडबाला बजावलेलं. चौकातून निघाले की देवकी ओरडून दुखणं सांगणार आणि लोखंडी पूल यायच्या आत मधुसूदननं एका हातानं पान काढायचं. दुसरा हात अर्थातच मैनाबाईंच्या हातात.

"पोरीच्या कानातून पू येऊन राह्यला," देवकी ओरडायची.

"पान सहा."

"सासऱ्याले लघवी अडकली."

"बावीस. जरा हळू ओरडा ना, लोक पाहून राहिले."

"छातीत धडधड होते."

ह्यावर एकदा उत्तर आलं नाही. देवकीनं सायकलवरून मान वळवली. तो पुस्तकाकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता… केस वाऱ्यानं सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, नाकावर घाम. "कोणाच्या?" त्यानं विचारलं. देवकीची सायकल एका म्हशीच्या अंगावरच जाणार होती. मैनाबाईंनी पदरात तोंड घातलं, आणि त्या खोकल्या की हसल्या हे धोंडबाला शेवटपर्यंत कळलं नाही.

जानेवारीत तिनं वही त्याच्याच हाती द्यायला सुरुवात केली. ती डबा खायला गेली की तो स्टुलावर बसून लोकांचं बोलणं लिहून घ्यायचा. अक्षर ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं. घरी गेल्यावर देवकी वही उघडून त्या पानांवरून बोट फिरवायची. कुणाची मूळव्याध, कुणाचा दमा, पण अक्षर त्याचं होतं ना. त्यावरच तिची पंधरा-पंधरा दिवसांची भूक भागत होती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मैनाबाई दवाखान्यातून बाहेर आल्या त्या दोन्ही हातांत चहाची बशी धरून. एक थेंब सांडला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या चालू ठेवा, आता सहा महिन्यांनी या.

सहा महिने. देवकीला आनंद झाला हे खरं, पण तिनं मनातल्या मनात मधले मंगळवार मोजले. बशी परत करून त्यांना नळावर हातपाय धुवायला घेऊन जावं म्हणून ती उठली आणि वही त्याच्याकडे दिली. पाचच मिनिटं. परत आली तेव्हा तो उभा होता, वही छातीशी धरून, आणि कानापर्यंत लाल झाला होता.

"पाडव्याले पुस्तक पाहाले येतो," तो म्हणाला.

"नक्की?"

"मी प्रश्न विचारला का उत्तर घेतल्याबिगर राहत नाही." बस आली होती. त्यानं आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं… आणि मैनाबाईंची पिशवी उचलली.

देवकीला त्या संध्याकाळी वही घरी न्यायची होती. शेवटची पानं पुन्हा पुन्हा वाचायची होती. पण वामनरावांनी निरोप धाडला होता की सगळ्या वह्या आजच्या आज पाहिजेत. ती छापखान्यात गेली, वही कौसल्याबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि हात धुवायला मोरीवर गेली. कौसल्याबाईंचा कामाचा उरक दांडगा. एक ओळ, एक चिठ्ठी, अशी पद्धत ठरलेली. रेघांची वही, लिहिलेलं एकाच बाजूनं, एक माणूस एका ओळीत. देवकी ओल्या हातांनी परत येईस्तोवर त्यांनी वीस-वीस पानं कटिंग मशीनखाली घालून रेघेरेघेवर पातं ओढलं होतं, आणि टोपलीत हजारभर चिठ्ठ्या पडल्या होत्या. ती शेवटची पानं आता वाचायची राहिली. पण कामाला कोण काय बोलणार?

मग निवडानिवड. कौसल्याबाई नुसत्या नजरेनं दोन ढीग करायच्या. दुखण्याच्या चिठ्ठ्या देवकीकडे, बाकीच्या, म्हणजे धर्मशाळा कुठं, शेवटची बस किती वाजता, ह्या बिस्किटांच्या डब्यात, पुढच्या वर्षी बघू म्हणून. दुखण्याच्या ढिगात देवकीला ते उजवीकडे झुकलेलं अक्षर जागोजागी भेटत होतं. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कामात जीव लागत नाही, जेवण जात नाही, कुठंच करमत नाही.' कोण बिचारा येऊन त्याच्यापाशी हे बोलून गेला असेल, असं तिला वाटलं. तिला स्वतःलाही तेच होत होतं, म्हणून त्या अनोळखी माणसाबद्दल जरा माया वाटली. तिनं ती चिठ्ठी नीट वाचली आणि 'मन' ह्या पायरीखाली लावली. शब्द इतके सोपे होते की पुस्तकात तेच घेतले. पान एक्केचाळीस.

पाडव्याला छापखान्यात यंत्रांची पूजा होती, देवकीला हलता येईना. पण तिनं लिंबाजवळच्या पानठेल्यावर सकाळीच पन्नास प्रती पाठवल्या आणि निरोप ठेवला, खापरखेड्याचे येतील, त्यांना थांबायला सांगा. चारला ती सायकल हाणत पोचली. अड्ड्यावर धोंडबा एकटाच होता.

तो सांगू लागला, मधुसूदन बारालाच आला होता. नवा सदरा घालून. पुस्तक घेतलं, उभ्या उभ्या अंगठा लावला, एका झटक्यात पान काढलं. आधी हसला. मग वाचलं. मग पुन्हा वाचलं. थांबायचा निरोप सांगितला तर म्हणाला, आता कशाले थांबू. आणि पाऊणची बस पकडली.

देवकीनं त्या दिवशी पुस्तक शंभरदा चाळलं. कुठं चुकलं? कोणतं पान उघडलं असेल त्यानं? पायऱ्या तर त्यानं सांगितल्या तशाच होत्या. पहिल्या पानावर तिनं वामनरावांशी भांडून 'एक हात मोकळा असलेल्यांसाठी' अशी ओळ छापून घेतली होती, ती त्यानं वाचली की नाही हेही तिला कळलं नाही.

पुढचा उन्हाळा काही विचारू नका. पुस्तक दोन महिन्यांत हातोहात खपलं. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, जिथं तिथं लोक अंगठ्यानं पान काढताना दिसत. एक बाप कडेवर पोर घेऊन एका हातानं 'डोळे' काढत होता ते देवकीनं पाहिलं आणि तिला रडू आलं, कारण ज्याला हे सांगायचं तो नव्हता. वैशाखाच्या उन्हात लिंबाखाली बसून ती साडेदहाच्या बसकडे डोळे लावायची. उतरणारा प्रत्येक उंच माणूस तोच वाटायचा आणि जवळ आल्यावर दुसराच निघायचा. पत्र लिहावं तर कुठल्या पत्त्यावर? नाव विचारायचं नाही ह्या नियमानं तिच्यापाशी त्याचे सगळे प्रश्न होते, आडनाव नव्हतं. आणि खापरखेड्याच्या कॉलनीत जाऊन 'मधुसूदन कुठं राहतात' असं विचारणारी मुलगी चौऱ्याहत्तर साली तरी नागपुरात जन्मायची होती. शिवाय अभिमान. त्याला यायचंच नसेल तर? म्हातारीचा हात बरा झाला, काम संपलं, असंच असेल तर?

आषाढात बाबा, म्हणजे बाबनराव, जेवताना म्हणाले की हिंगणघाटचं स्थळ पुन्हा विचारून राहिलं. माणसं चांगली आहेत. पोळ्याच्या आत हो-नाही कळवायचं आहे. देवकीनं ताटातला भात इकडचा तिकडे केला. बाबनरावांनी माग विकला त्या दिवशी ते असेच बसले होते, हे तिला आठवलं. "पोळ्यापर्यंत थांबा, बाबा," ती म्हणाली. कशासाठी थांबायचं हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिला सांगता आलं नसतं.

दुसरी आवृत्ती काढायची ठरली. वामनराव म्हणाले, ह्या वेळी धर्मशाळा आणि बसचंही घेऊ, तो डबा काढ.

बाहेर दोन दिवसांची झड लागली होती. पत्र्यावर पावसाचा एकसुरी आवाज, छापखान्यात शाईचा आणि ओल्या पोत्याचा वास. देवकीनं डबा पालथा केला. धर्मशाळा, धर्मशाळा, अमरावतीची बस, लघवीला कुठं जावं, धर्मशाळा… आणि मग उजवीकडे झुकलेलं ते अक्षर. दोन ओळींचा मजकूर एका ओळीत दाबून बसवलेला, बारीक.

'औषध मले माहीत आहे. ते मंगळवारी लिंबाखाली वही घेऊन बसते. तिची हरकत नसंल तर माय मागणी घालाले येते. उत्तर पुस्तकात पाहीन.'

देवकीनं ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग उठून कपाटातून पहिल्या आवृत्तीचं बाड काढलं, 'मन' ह्या गठ्ठ्यातली ती चिठ्ठी शोधली आणि दोन्ही टेबलावर एकाखाली एक ठेवल्या. कोष्ट्याची पोर ती. तुटलेला धागा कुठल्या टोकाला सांधायचा हे तिच्या बोटांना उपजत ठाऊक. वरच्या ओळीतल्या 'लागत'च्या 'ग'चा पाय पात्यानं कापला गेला होता आणि तो खालच्या चिठ्ठीच्या वरच्या कडेवर तसाच उरला होता. जुळला.

एक माणूस, एक ओळ. त्याला काय माहीत, दोन ओळी लिहिल्या की मधून पातं जातं म्हणून.

मग तिनं पुस्तक उघडलं, पाडव्याच्या दिवशी त्यानं उघडलं असेल तसं. पान एक्केचाळीस. तिनं स्वतः, स्वतःच्या हातानं तपासून छापायला दिलेलं होतं. 'कामात जीव लागत नाही, जेवण जात नाही, कुठंच करमत नाही: मनाचे डॉक्टर. दुपारी दोन ते चार. आधी नंबर लावावा. जवळचा नातेवाईक सोबत आणावा.'

आधी तिला हसू आलं. ते हसू तिथंच मोडलं आणि ती टेबलावर डोकं टेकून इतकी रडली की कौसल्याबाई पातं तसंच सोडून धावत आल्या. त्यानं आपलं काळीज काढून वहीत ठेवलं होतं, आणि तिनं त्याला वेड्याच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. तेही छापून. शहरभर वाटून.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या आणि वामनरावांपुढं जाऊन उभी राहिली. एका ओळीची भर घालायची आहे म्हणाली. पान एक्केचाळीसवर. वामनरावांनी मजकूर वाचला आणि भुवया चढवल्या. हे पुस्तक लोकांसाठी आहे, ह्यात कुणाचं खाजगी छापत नसतात, हे त्यांनी तिला सौम्यपणे सांगितलं. देवकीनं चिठ्ठ्या पुढं केल्या.

"तुमीच म्हटलं होतं ना, दादा? कोणी खरंच विचारलं असंल त्याचंच उत्तर पुस्तकात द्यायचं. ह्यानं विचारलं. माझ्या वहीत विचारलं. पाच महिने झाले, मी उत्तर दिलं नाही."

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, मग पहिल्याच पानावर टाक, एक्केचाळीसवर कोण पाहील? देवकीनं नाही म्हणून मान हलवली. तिला एवढं एकच काम येत होतं आणि ते तिला नीट येत होतं. माणूस जिथं हुडकेल तिथंच उत्तर ठेवायचं. त्यानं हुडकलंच कधी, तर एक्केचाळीसवरच हुडकेल.

श्रावणाच्या आधी दुसरी आवृत्ती निघाली. देवकीनं स्वतः दहा प्रती बांधून खापरखेड्याच्या बस थांब्यावरच्या पानठेल्यावर धाडल्या. मनाच्या डॉक्टरांची ओळ तिथंच होती, ज्याला त्यांची गरज त्याला ते सापडायलाच हवेत. तिच्या खाली नवी ओळ होती. 'तरीही कुठंच करमत नाही: औषध आहे. धंतोली, लिंबाखाली, मंगळवारी दहा ते पाच. नंबर लावायची गरज नाही. जवळचा नातेवाईक सोबत आणावा.'

पहिल्या मंगळवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या मंगळवारी एक रिटायर मास्तर आले, एकटेच, छत्री टेकत. पुस्तक उघडं धरून म्हणाले, मले करमत नाही, मुलं मुंबईला असतात, जवळचा नातेवाईक आणायचा म्हणता पण तोच तर नाही. तिनं त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि दोन तास त्यांचं ऐकलं. जाताना त्यांना बरं वाटत होतं. तिला मात्र आणखीच उदास वाटलं, कारण शब्द बरोबर पोचत होते, फक्त माणूस चुकत होता. तिसऱ्या मंगळवारी दोन बाया आल्या. त्यांचंही तिनं ऐकलं.

चौथा मंगळवार पोळ्याच्या आधीचा शेवटचा. बाबनराव सकाळी पोस्टकार्ड पुढ्यात घेऊन बसले होते, आणि संध्याकाळी मी लिहीन म्हणाले होते. पाऊस रिमझिमत होता. धोंडबानं रिक्षाचं मेणकापड काढून लिंबाला बांधून दिलं होतं, त्याखाली देवकी बसली होती. मैनाबाईंचे सहा महिने भरले होते. ते येतील, तर दवाखान्यासाठी येतील. येतील आणि समोरून जातील. तिनं मनाची तेवढी तयारी केली होती. निदान तिला तसं वाटत होतं.

साडेदहाची बस आली. छत्र्या उघडल्या, चिखल उडाला. आणि त्या गर्दीतून एक उंच, सावळा माणूस उतरला, एका हातात आईचा हात धरून. वाळला होता. देवकीनं खाली बघितलं. पेन्सिलीला टोक होतं तरी ती टोक काढू लागली.

पावलं दवाखान्याच्या गल्लीपाशी थांबली. मग वळली. चिखलानं भरलेल्या दोन चपला आणि दोन वहाणा तिच्या स्टुलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात कसा आहे, मावशी?" देवकीनं विचारलं.

मैनाबाईंनी तळहात पुढं केला. पावसाचे थेंब त्यावर पडत होते आणि हात खांबासारखा स्थिर होता. "मले काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "आज डॉक्टरचा नंबरच नाही लावला. पेशंट हा आहे. मी जवळची नातेवाईक."

मधुसूदनच्या मोकळ्या हातात पुस्तक होतं. दुसऱ्या आवृत्तीचं, नवं, भिजू नये म्हणून सदऱ्याच्या टोकात धरलेलं. अंगठा एक्केचाळीसवर होता.

"पानठेल्यावर दिसलं," तो म्हणाला. "म्हटलं पाहू, मी अजून तिथंच हाव का…"

देवकीनं वहीच्या पुठ्ठ्यातून दोन चिठ्ठ्या काढून त्याच्यापुढं धरल्या, कापलेल्या कडा एकमेकींना लावून. त्यानं त्या पाहिल्या, मग त्या कापाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"मधातून कापलं तुमी मले," तो म्हणाला.

"हो. अन् अर्धे तुमी डब्यात होते. पाच महिने." तिच्या डोळ्यांतलं पाणी आता गालावर आलं होतं आणि ते पुसायची तिला गरज वाटली नाही. "मी हुडकलंच नाही. मले वाटलं, तुमालेच यायचं नाही."

"मंग? हरकत…?"

"छापून दिलं ना उत्तर," देवकी म्हणाली. "आता किती वेळा विचारता?"

धोंडबा न बोलावता रिक्षा पुढं आणून उभा राहिला होता. मैनाबाईंनी त्याला विचारलं की गोळीबार चौक इथून किती दूर. बाबनरावांचं पोस्टकार्ड संध्याकाळच्या आत थांबवायचं होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसूनही त्या घाईत होत्या.

देवकीनं वही उघडली, कोरं पान काढलं, पेन्सिल टेकवली. मग थांबली. इतक्या महिन्यांत, इतक्या माणसांत, तिनं जे कधीच विचारलं नव्हतं ते तिला आता विचारायचं होतं.

"नाव सांगा," ती म्हणाली. "पूर्ण."

"मधुसूदन नत्थूजी पराते," तो म्हणाला.

तिनं ते सावकाश लिहिलं, दोन ओळींची जागा सोडून.